सर्व पिस्तुलांना एकच सायलेन्सर? सोय मोठी, तडजोडही मोठी

पुणे - पिस्तुलाच्या नळीला लावायचा सायलेन्सर एकाच कॅलिबरचा असावा, की अनेक कॅलिबरना चालणारा? परदेशातील शस्त्रबाजारात हा ग्राहकाच्या पसंतीचा विषय आहे. भारतात तो सामान्य परवानाधारकाच्या हाती नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात गोळीबाराचा आवाज किंवा चमक कमी करणारी उपसाधने निषिद्ध बोअरच्या शस्त्रांच्याच वर्गात टाकली आहेत. त्यामुळे येथे हा निर्णय सुरक्षा दलांचा, आणि म्हणूनच सार्वजनिक पैशाचा व जवानांच्या जिवाचा ठरतो.

सायलेन्सरने आवाज पूर्ण थांबतो, हा चित्रपटांनी रुजवलेला समज आहे. गोळीमागून बाहेर पडणारा तप्त वायू सायलेन्सरच्या कप्प्यांत प्रसरण पावून थंड होतो, एवढेच त्याचे कार्य. ९ मिमी पिस्तुलाचा सुमारे १६० डेसिबलचा आवाज त्यामुळे तीसेक डेसिबलने घटतो. जवानाची श्रवणशक्ती वाचवण्यास आणि बंद खोलीतील कारवाईत सहकाऱ्याचा आदेश ऐकू येण्यास तेवढी घट मोलाची असते. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका मात्र कोणताही सायलेन्सर रोखू शकत नाही.

बहु-कॅलिबर सायलेन्सरची अडचण त्याच्या छिद्रात आहे. ते सर्वांत जाड गोळीच्या मापाचे ठेवावे लागते. पॉइंट ४५ ची गोळी सुमारे साडेअकरा मिमी जाडीची असते. तिच्यासाठी केलेल्या छिद्रातून ९ मिमीची गोळी गेली, की भोवतालच्या मोकळ्या जागेतून वायू लवकर निसटतो आणि आवाज वाढतो. शिवाय असा सायलेन्सर आकाराने मोठा आणि वजनाने जड असतो. पिस्तूल बदलले, की जोडणीचे सुटे भागही बदलावे लागतात. दोन नगांऐवजी एकाच नगाची खरेदी, ही त्याची जमेची बाजू.

'एकात अनेक' या कल्पनेचा अनुभव आपल्या लष्कराने रायफलींच्या बाबतीत घेतला आहे. नळी बदलून ५.५६ आणि ७.६२ मिमी अशी दोन्ही काडतुसे झाडता येतील, अशा सुमारे ६६ हजार रायफलींसाठी २०११ मध्ये निविदा निघाली. परदेशी कंपन्यांच्या चाचण्या झाल्या. मात्र २०१५ मध्ये ती प्रक्रिया रद्द करण्यात आली. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने, म्हणजेच 'एआरडीई'नेही तीन कॅलिबरचे शस्त्र २०१४ मध्ये प्रदर्शित केले होते.

पुढे लष्कराने वेगळी वाट धरली. २०१९ मध्ये ७.६२ बाय ५१ मिमीच्या ७२,४०० सिग रायफलींचा आणि २०२१ मध्ये ७.६२ बाय ३९ मिमीच्या सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. दोन्ही एका कॅलिबरच्या. महू येथील इन्फंट्री स्कूलसह 'एआरडीई'ने विकसित केलेले आणि २०२१ मध्ये जाहीर झालेले 'अस्मि' मशिन पिस्तूलही केवळ ९ मिमीचे. 'एआरडीई'च्याच ज्या कार्बाइनसाठी २०२५ मध्ये पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली, तीही ५.५६ मिमीचीच.

यातून निघणारा निष्कर्ष सायलेन्सरलाही लागू पडतो. ज्याच्या शस्त्रागारात अनेक मापांची पिस्तुले आहेत, त्याला बहु-कॅलिबर साधन परवडेल. भारतीय दलांचे पिस्तूल मात्र प्रामुख्याने ९ मिमीचेच आहे. न वापरल्या जाणाऱ्या कॅलिबरच्या सोयीसाठी रोजच्या कॅलिबरची परिणामकारकता घटवणे, हे काटकसरीचे लक्षण नव्हे. गरज आधी निश्चित व्हावी आणि मागणीपत्र त्यानंतर लिहिले जावे. हा क्रम उलटला, की चार वर्षे आणि एक निविदा कशी वाया जाते, हे लष्कराने अनुभवले आहेच.