इल्युमिनेट = प्रकाशित करणे?

इंग्रजी क्रियापदापुढे बरोबरचं चिन्ह काढून एक मराठी शब्द ठोकायची जी पद्धत आपल्याकडे शाळेपासून चालत आलीय, ती बंद झाली पाहिजे. गाईडं छापणाऱ्यांनी बंद करावी, मास्तरांनी बंद करावी आणि 'तीस दिवसांत इंग्रजी'वाल्यांनी तर सगळ्यात आधी!

'इल्युमिनेट = प्रकाशित करणे.' झालं! पोरगं पाठ करतं, मार्क मिळवतं आणि पुढे अडकतं. कारण मराठीत प्रकाशित होतं ते पुस्तक. मग 'इल्युमिनेटेड मॅन्युस्क्रिप्ट' म्हणजे काय, छापून आलेलं हस्तलिखित? छे हो! युरोपातल्या मठांत साधू हाताने पोथ्या लिहीत आणि त्यातली आद्याक्षरं, समास सोन्याच्या वर्खाने नि रंगांनी सजवत. पान उजळायचं, म्हणून ते इल्युमिनेट केलेलं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात साधारण इ.स. ८०० च्या सुमाराचं 'बुक ऑफ केल्स' आहे. गंमत म्हणजे त्यात सोनं नाहीच, पिवळ्यासाठी हरताळ वापरलाय. (आपल्याकडे पोथीतल्या चुका झाकायला हरताळ फासायचे, तिकडे तोच सजावटीला!) तरी ते इल्युमिनेटेडच.

आमच्या धंद्यात तर या शब्दाला दिसणारा उजेडही लागत नाही. रडारच्या रेडिओलहरी विमानावर पडल्या की विमान 'इल्युमिनेट' झालं, मग बाहेर मिट्ट काळोख का असेना. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या आकाशातल्या लहरी फक्त गोळा करतात, सोडत काही नाहीत. पण तबकडीच्या नाभीपाशी बसवलेला फीड तिला कडेपर्यंत किती 'इल्युमिनेट' करतो, हाच हिशेब अँटेनावाले मांडतात. कारण अँटेना ज्या दिशेला जितकं सोडू शकते, तितकंच त्या दिशेकडून घेते. मुद्दा असा की कशावर तरी काहीतरी पडलं पाहिजे. ते गाईडातून कळत नाही.

बरं, एवढ्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते याच्या भावंडाने, 'एनलाइटन'ने. गाईडात अर्थ 'ज्ञान देणे'. म्हणून आपली हुशार पोरं परदेशी प्राध्यापकांना अगदी हात जोडून 'प्लीज एनलाइटन मी' असं लिहितात. रोजच्या इंग्रजीत हे वाक्य बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच येतं! वाचणाऱ्याला ऐकू येतं, 'हं, पाजळा तुमची अक्कल.' उत्तर येत नाही, आणि पोराला वाटतं आपले मार्कच कमी पडले. 'कुड यू एक्सप्लेन' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

आता सांगा, हा टोमणा मराठी माणसाला समजावायला किती वेळ लागावा? निकालाच्या दिवशी 'काय दिवे लावलेस!' ऐकत आपण मोठे झालो. दिवे लावणे म्हणजे फक्त वात पेटवणे नाही, हे दुसरीतल्या पोरालाही कळतं. तेवणे, मिणमिणणे, लखलखणे, पाजळणे, उजळणे, उजळून निघणे... एवढा ऐवज घरात असताना 'मराठीत शब्दच नाहीत हो' म्हणून गळा काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शब्द आहेत, वर्गात आणत नाही आपण. 'एनलाइटन'शेजारी 'अक्कल पाजळणे' लिहायला काय हरकत आहे? पण नाही, ते म्हणे ग्राम्य! परीक्षेत चालत नाही.