‘लाइट लागला ना? मग झालं!’

राउटरवरचा हिरवा दिवा लागला की आपण खूश. फायबर जोडायला आलेला दादाही खूश. ‘लागला ना लाइट? मग झालं!’ म्हणत तो पुढच्या घरी पळतो. आणि पंधरा दिवसांनी ऐन ऑनलाइन इंटरव्ह्यूत आपला चेहरा स्क्रीनवर गोठतो. मग शिव्या कोणाला? कंपनीला!

पण जरा आठवून बघा. त्या दादानं कनेक्टर जोडण्याआधी काय केलं होतं? टोपण काढलं, फार तर शर्टाच्या बाहीला पुसलं आणि खुपसलं. घोळ तिथंच झाला.

घरी येणाऱ्या फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो, तो जेमतेम 9 मायक्रॉनचा. एका मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातले नऊ. डोक्यावरचा केस त्याच्या कितीतरी पट जाड! एवढ्याशा दारात धुळीचा कण बसला किंवा बोटाचं तेल लागलं, तर प्रकाश अडणारच. फुंकर मारली तर तोंडातली वाफ चिकटते. आणि तो कण तसाच दाबून जोडला, तर काचेवर ओरखडा उठतो. मग कितीही पुसा, तो जात नाही.

उपाय साधा आहे. तपासा, पुसा, पुन्हा तपासा, मगच जोडा. टोकावर किती डाग, किती ओरखडे चालतील, हे सांगणारं आयईसी 61300-3-35 हे मानक आहे. हिरव्या कनेक्टरचं टोक 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोघं एकमेकांत बसतात, पण प्रकाश वाया जातो आणि टोकंही खराब होतात. आणि हो, चालू फायबरच्या तोंडाशी डोळा कधीच न्यायचा नाही. त्यातला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

ऑफिसातल्या तांब्याच्या केबलचंही तेच. पॅच कॉर्ड धरून 100 मीटर, त्यातली भिंतीतली पक्की केबल 90 मीटर, ही मानकातली मर्यादा. ‘नेट चालतंय’ म्हणजे केबल पास झाली, असं नाही. टेस्टर लावून रिपोर्ट निघाला, तरच पास.

आता दोष त्या दादाचाच का? नाही. अनेक ठिकाणी त्याला जितकी घरं तितके पैसे मिळतात. पुसण्यात गेलेल्या पाच मिनिटांचे पैसे त्याला कोण देतं? काम देणाऱ्यांनी ती पाच मिनिटं दरात धरायला हवीत, क्लीनर आणि पॉवर मीटरही द्यायला हवेत.

पण आयटीआय, डिप्लोमा करून या कामात उतरणाऱ्या मित्रांनो, एक गोष्ट तुमच्याही हातात आहे. केबल ओढणारे गल्लोगल्ली आहेत. ‘मोजलंय, हा घ्या आकडा’ म्हणणारे फार थोडे. त्या थोड्यांत जा.

आणि घरात बसलेल्या आपण सगळ्यांनी? पुढच्या वेळी दिवा बघून दार लावू नका. चहा विचारा आणि सोबत एवढंच विचारा, ‘दादा, पॉवर किती येतेय?’