प्रत आमची, बांधणी कुणाची?

मोडके-फाटके पुन्हा वापरात आणण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! कपडा रफू करावा, भांड्याला कल्हई लावावी, छपराची डागडुजी करावी. ही शब्दसंपत्ती घडवणारा समाज आज स्वतःची मोटार उघडण्यासाठी कंपनीची परवानगी मागतो आहे.

गेल्या पावसाळ्यात खडकवासला धरणाजवळ आमच्यापैकी एकाची मोटार बंद पडली. सिंहगड रस्त्यावरील एका मेस्त्रींनी दोष अर्ध्या तासात हेरला. परंतु नवा भाग बसवला तरी गाडीचा संगणक त्याला ओळखणार नाही. त्यासाठी कंपनीचेच सॉफ्टवेअर हवे. “सर, आजार कळलाय, पण औषध कुलपात आहे,” ते म्हणाले. गाडी ओढत अधिकृत केंद्रात न्यावी लागली.

ही तक्रार आमच्यापुरती नाही. सुटे भाग व दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही बजावले. प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. डिसेंबरात संकेतस्थळ निघाले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ सालीच मोटारींसाठी असा कायदा कौल देऊन मंजूर केला होता.

उत्पादक सुरक्षिततेचा मुद्दा काढतात. ब्रेक अडाण्याच्या हाती देऊ नये, हे आम्हांसही मान्य आहे. मग प्रशिक्षण द्यावे, माहितीपुस्तिका वाजवी दराने विकाव्यात. माहिती दडवायची आणि वर मेस्त्रींनाच अज्ञानी ठरवायचे, हा निव्वळ कांगावा झाला.

दुसरा मुद्दा बौद्धिक संपदेचा. ग्रंथावर लेखकाचा स्वामित्वहक्क असतो, हे आम्ही वर्गात शिकवतोच. परंतु विकत घेतलेली प्रत उसवली, तर ती कोणत्या बाइंडरकडून बांधून घ्यावी हे लेखक ठरवत नाही. नक्कल करणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. आयोगानेही स्वामित्वाची ही ढाल मान्य केली नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरण फुटले. ते पुन्हा बांधले गेले आणि आजही पुणे त्याचे पाणी पिते. त्या धरणाच्या काठी राहणाऱ्यांना दुरुस्तीचे मोल कुणी शिकवायला नको. तेव्हा पुढच्या वेळी गाडी घेताना विक्रेत्याला एवढेच विचारावे: आमच्या मेस्त्रींना ही उघडता येईल का? उत्तर नकारार्थी असेल, तर आपण पूर्ण किंमत मोजून गाडी भाड्याने घेत आहोत.