रंगफवारणीच्या पेटीविषयी थोडेसे

आपल्यासारख्या निवासी शाळांच्या छंदवर्गांत अलीकडे रंगाचे स्प्रेडबे दिसू लागले आहेत. मातीच्या व प्लास्टरच्या लहान मूर्ती, सांचीच्या स्तूपाची वा लोणार सरोवराची प्रतिकृती, विज्ञान प्रदर्शनातील लाकडी नमुने या वस्तू पूर्वी कुंचल्याने रंगविल्या जात. आता बटण दाबताच सारख्या, गुळगुळीत रंगाचा थर बसतो. मुलांना त्याचा आनंद होतो आणि तो हिरावून घ्यावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु हे काम वर्गखोलीत, व्हरांड्याच्या कोपऱ्यात किंवा वसतिगृहातील खाटेशेजारी वर्तमानपत्र पसरून होत असेल, तर त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. आधी फवारणीची पेटी तयार व्हावी आणि मगच रंग आणला जावा.

फवाऱ्यातून दोन गोष्टी हवेत जातात. एक, रंगाचे अतिसूक्ष्म थेंब. दुसरी, थिनरची वाफ. डब्यातील रंगात टोल्युइन, झायलीन, अॅसिटोन यांसारखी द्रावके असतात आणि रंग बाहेर ढकलणारा वायू बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातकुळीचा, म्हणजे चटकन पेट घेणारा असतो. तोंडाला रुमाल बांधल्याने वाफ अडत नाही. एन-९५ मुखपट्टी थेंब अडविते, वाफ नाही; त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. दिवसाच्या शाळेतील मूल संध्याकाळी घरी जाते. आपले मूल मात्र त्याच इमारतीत जेवते, अभ्यास करते आणि झोपते. दुपारी फवारलेला रंग रात्री त्याच्या उशाशी असतो. (थर्माकोलचा स्तूप करणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की असा स्प्रे थर्माकोललाच विरघळवितो. जे थर्माकोलला सोसत नाही, त्याचा श्वास मुलांनी का घ्यावा?)

पेटीसाठी फार दूर जावे लागत नाही. बुलढाण्याच्या उन्हाळ्याने घरोघरी पत्र्याचा कूलर आणून ठेवला आहे आणि जुना झाला की तो अडगळीत पडतो. रचना पाहिली तर ती जवळजवळ फवारणीची पेटीच आहे. पंप आणि गवताच्या ताट्या काढून टाकाव्यात; हे वाळलेले गवत गाळणी म्हणून परत वापरू नये, कारण रंग बसला की ते आगीला आमंत्रण ठरते. दोन बाजू पत्र्याने बंद कराव्यात, मागची बाजू उघडी ठेवावी आणि पंख्याचे तोंड खिडकीबाहेर करून सभोवतालच्या फटी बुजवाव्यात. पंख्याच्या अलीकडे कृत्रिम धाग्यांची, बदलता येणारी गाळणी बसवावी. आत एक फिरती चकती असावी, म्हणजे वस्तूला हात न लावता ती चहूबाजूंनी रंगविता येते. खिडकी स्वयंपाकघराकडे वा वसतिगृहाकडे उघडणारी नसावी, कारण गाळणी थेंब धरते, वाफ तशीच बाहेर जाते.

पंखा किती ताकदीचा असावा, हे आठवीच्या मुलांकडून गणिताच्या तासाला काढून घ्यावे. पेटीच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असावा, असा ढोबळ नियम आहे. तोंड ६० सेंमी रुंद व ४५ सेंमी उंच असेल तर क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर. म्हणजे ताशी सुमारे ४८६ घनमीटर हवा ओढली गेली पाहिजे. गाळणी आडवी आली की प्रवाह घटतो, म्हणून पंखा याहून बराच मोठा हवा. स्नानगृहातला सहा इंची पंखा येथे बहुधा अपुरा पडतो. कूलरचा पंखा सहसा पुरतो.

मात्र कूलरची मोटर बहुधा हवेच्या वाटेतच असते. सैल तारेची एक ठिणगीही ज्वालाग्राही वाफेला पुरे. म्हणून या पेटीत पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंगच लहान एअरब्रशने फवारावेत, असे आमचे आग्रहाचे मत आहे. थिनरचा स्प्रेडबा विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. अगदीच लागला तर शिक्षकांनी तो उघड्या मैदानात, सर्वांपासून दूर वापरावा. शिवाय कूलरच्या पत्र्यात वीज उतरून होणारे अपघात आपल्या भागाला नवे नाहीत. अर्थिंग तपासल्याशिवाय पेटी सुरू करू नये आणि बटण पेटीपासून लांब असावे.

काही पालक विचारतील, ‘मुलांना शिकवायला पाठवले, रंगारी करायला नाही, मग हा खटाटोप कशाला?’ प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांची मुले उद्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवतील, फर्निचरला पॉलिश मारतील किंवा औद्योगिक वसाहतीत उभी राहतील. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक योगायोग आम्हांस लक्षणीय वाटतो. अमेरिकेत रंगाचा स्प्रेडबा १९४९ साली अवतरला आणि आपला १९४८ चा कारखाने अधिनियम १ एप्रिल १९४९ रोजी अमलात आला. त्याचे कलम १४ धूळ व धुरासंबंधी होते. अपायकारक वाफ जेथे निर्माण होते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्यावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी, असा त्याचा आशय होता. फवारणीची पेटी म्हणजे दुसरे काय आहे? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि १९४६ साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. कलम १४ त्यानंतरचे, पण कामगाराच्या देहाची काळजी ही कायद्याची बाब आहे, हा विचार त्याच वाटेवरचा. दोन-चार माणसांचे गॅरेज अशा कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेथे मालकाकडे पंखा मागण्याचे धाडस त्यालाच होईल, ज्याने शाळेत ही पेटी स्वतः जोडली आहे आणि पंखा नसला तर काय होते हे ज्याला ठाऊक आहे.

खर्चाची सबब फारशी टिकणारी नाही. जुना कूलर देणगी म्हणून मिळू शकतो. गाळणी, पत्रा व वायर एवढेच विकत घ्यावे लागेल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वीजजोडणीची कामे करतात त्यांनी एखादा रविवार द्यावा, ही आमची विनंती. पेटी उभी राहिली की रंगाचे झाकण उघडण्यापूर्वी तिच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ आत ओढला गेला तर उदबत्ती विझवून दूर ठेवावी आणि कामाला लागावे. तो खोलीत रेंगाळला तर गाळणी, फटी व पंखा पुन्हा तपासावा.