नियम कोणाचे, महाविद्यालय कोणाचे?

चांदूर बाजारच्या पंचक्रोशीतील शेतकऱ्याने शाळेच्या फार पायऱ्या चढलेल्या नसतील. पण आपल्या सेवा सहकारी सोसायटीचे उपविधी म्हणजे काय, हे तो पुरते जाणतो. वार्षिक सभेची नोटीस वेळेवर मिळाली नाही किंवा आपला विरोध इतिवृत्तात आला नाही, तर भर सभेत उठून तो सचिवास जाब विचारतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आला आणि पुढील सहा दशकांत ही सवय खेडोपाडी रुजली. परंतु त्याच शेतकऱ्याचा मुलगा ज्या महाविद्यालयात शिकतो, तेथील अध्यापकास ‘तुमच्या महाविद्यालय विकास समितीचे कामकाज कोणत्या नियमांनी चालते?’ असे विचारल्यास तो बहुधा निरुत्तर होईल. प्रस्तुत लेखक त्याच वर्गातील असल्याने हे कबूल करण्यात त्याला संकोच नाही.

ही समिती काही ऐच्छिक मंडळ नव्हे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात ‘स्थानिक व्यवस्थापन समिती’ होती. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ ने तिच्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. संस्थेचे अध्यक्ष व सचिव अथवा त्यांचे प्रतिनिधी, आणि प्राचार्यांच्या विचाराने संस्थेनेच नेमलेले चार स्थानिक सदस्य, असे सहा जण व्यवस्थापनाकडील. अध्यापकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन, त्यांत किमान एक महिला; आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक, असे चार निर्वाचित. याखेरीज प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव, आणि सदस्य-सचिव या नात्याने स्वतः प्राचार्य. वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात, असे कायदा सांगतो.

म्हणजे अध्यापकांचा आवाज तेथे आहे, पण अल्पमतात आहे. आणि जो अल्पमतात असतो, त्याला मतदानाच्या बळापेक्षा कामकाजाच्या नियमांचाच आधार अधिक असतो. विकास आराखडा, अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम असे महत्त्वाचे विषय या समितीपुढे येतात. अंदाजपत्रक सभेच्या टेबलावरच प्रथम हाती पडले, तर त्यावर कोणता अध्यापक कसली चर्चा करणार? कायदा चौकट देतो. तिच्यातील तपशील स्थानिक नियमांनीच भरावा लागतो, आणि तो न भरल्यास ती जागा मर्जी भरून काढते.

काही वर्षांपूर्वी अशा नियमांचा मसुदा करणाऱ्या अध्यापकांच्या एका समितीत काम करण्याचा योग मला आला. आम्ही अकरा कलमे सिद्ध केली. मसुदा नाकारला गेला नाही. तो ‘विचाराधीन’ राहिला आणि आजही तसाच आहे. नकाराला उत्तर देता येते, मौनाला देता येत नाही, हे त्या वेळी आम्हांस उमगले.

व्यवस्थापनाची बाजू येथे न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. वऱ्हाडात उच्च शिक्षण पसरले, त्यात लोकांच्या देणग्यांचा मोठा वाटा होता. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, ती गावोगावच्या शेतकरी समाजाच्या बळावर. ज्यांनी जमीन दिली, इमारत बांधली, त्यांनी महाविद्यालयावर हक्क सांगावा यात गैर काय? गैर काहीच नाही. परंतु आज अनुदानित महाविद्यालयातील मान्य पदांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून येते. देणगीदाराचा हक्क मानावयाचा, तर करदात्याचाही मानावा लागेल. आणि लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेने लोकांना हिशेब दाखविणे, हेच तिच्या संस्थापकांच्या परंपरेस धरून होईल.

अर्थशास्त्राने या प्रश्नावर काही सांगून ठेवले आहे. २००९ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी व्हॅलेन्सियाच्या कालव्यांपासून नेपाळच्या पाटांपर्यंत अनेक सामाईक व्यवस्था अभ्यासल्या. ज्यांच्यावर नियम लागू होतात, त्यांना ते ठरविण्यात वाटा असेल, तर व्यवस्था टिकण्याचा संभव अधिक, हा त्यांच्या निष्कर्षांपैकी एक होय. उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयी १९९७ साली युनेस्कोने केलेल्या शिफारशीतही संस्थेच्या कारभारात अध्यापकांच्या सहभागाचे तत्त्व मान्य केलेले आहे.

तथापि सारा दोष व्यवस्थापनाच्या माथी मारून अध्यापकांस मोकळे होता येणार नाही. आपले तीन प्रतिनिधी आपण बहुधा ज्येष्ठतेनुसार बिनविरोध पाठवितो आणि सभेत काय घडले हे त्यांना विचारीतही नाही. त्याहून गंभीर गोष्ट ही की, मतदानाचा हक्क पूर्णवेळ अध्यापकांना आहे. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुणांना तो नाही. वर्ग सांभाळण्यास ते चालतात, मत देण्यास चालत नाहीत. आमच्या मसुद्यातही त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती, ही खंत नोंदविलीच पाहिजे.

करावयाचे ते फार नाही. विषयपत्रिका व अंदाजपत्रक सभेच्या सात दिवस आधी द्यावे. भिन्न मत इतिवृत्तात शब्दशः नोंदवावे. मंजूर इतिवृत्त सूचना फलकावर लावावे. व्यवस्थापनाने शिफारस अमान्य केल्यास महिन्याच्या आत लेखी कारण द्यावे. आणि तासिका अध्यापकांचा एक प्रतिनिधी निमंत्रित म्हणून बोलवावा. यासाठी नवा कायदा नको, की वाढीव अनुदानही नको.

लोकशाहीचे पाठ आपण राज्यशास्त्राच्या तासाला देतो. भिंतीपलीकडच्या सभागृहात तिचे साधे नियमही पाळले जात नसतील, तर विद्यार्थी त्या पाठावर विश्वास का ठेवतील? सोसायटीच्या सभेत जाब विचारणारा त्यांचा बाप त्यांना आपल्याहून अधिक खरा शिक्षक वाटला, तर त्यांना दोष देता येणार नाही.