माशाचा काटा, घड्याळाचा काटा

वेसाव्याच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की मासळी निवडणाऱ्या हातांना उसंत नसते. त्या घाईत शिंगाळ्याचा काटा बोटात रुततो, फडके गुंडाळले जाते आणि हात पुन्हा कामाला लागतात. बहुतेक जखमा भरून येतात, हे खरे. पण एखादी भरत नाही. हात सुजतो, हुडहुडी भरते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. आणि घरची माणसे म्हणतात, ताप डोक्यात गेला! वस्तुतः जंतूंशी झुंजणारा देहाचा प्रतिकारच बेभान होऊन स्वतःच्या अवयवांवर उलटलेला असतो. वैद्यक त्याला सेप्सिस म्हणते.

त्याला काट्याचीच वाट लागते असे नाही. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा दाह, बाळंतपणानंतरचा जंतुदोष, पावसाळ्यातील लेप्टो, कोणत्याही दाराने तो शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोने मुंबईत किती घरे उजाड केली, हे उपनगरांनी विसरावे काय? २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला व १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने या संकटाकडे लक्ष देण्याचा ठराव सर्व राष्ट्रांपुढे ठेवला.

या शत्रूला ओळखण्यास प्रथम लक्षावधी रुपयांचे यंत्र लागत नाही. मिनिटाला बावीस वा अधिक श्वास, शंभर किंवा त्याखाली आलेला वरचा रक्तदाब आणि शुद्धीत पडलेला फरक, या धोक्याच्या खुणा आहेत. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर तीन सेकंदांत लाली परतली नाही, तर रक्ताभिसरण खचत आहे असे समजावे. केवळ या खुणांवर विसंबू नये. वृद्धांना व तान्ह्या मुलांना कित्येकदा तापही येत नाही. परंतु श्वास मोजायचाच नाही, ही सबब कोण ऐकून घेईल?

उपचारही गूढ नाहीत. रक्तदाब ढासळला असल्यास प्रतिजैविकाची पहिली मात्रा तासाभरात पडली पाहिजे. शक्य तर तत्पूर्वी तपासणीसाठी रक्त घ्यावे, पण त्यापायी औषध खोळंबू नये. शिरेतून सलाइन द्यावे. प्रौढासाठी पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे पन्नास किलोच्या माणसास दीड लिटर, असे सर्वसाधारण प्रमाण सुचविले जाते. तरीही दाब सावरला नाही, तर नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू करावे. पूचा साठा असेल तर तो काढावा.

यावर कोणी म्हणेल की, अशाने प्रत्येक तापकऱ्याला सलाइन टोचले जाईल. ही भीती अनाठायी नाही. २०११ साली केनिया, युगांडा व टांझानिया येथील तापाने गंभीर आजारी मुलांवरील चाचणीत, भराभर सलाइन दिलेली मुले अधिक दगावली. आपल्याकडील डेंग्यूतही अविचाराने दिलेले पाणी घातकच ठरते. म्हणूनच आमचा आग्रह सरसकट औषधाचा नाही. मोजण्याचा आहे, आणि दिल्यानंतर पुन्हा मोजण्याचा आहे.

तेव्हा महानगरपालिकेला आमचे सांगणे स्पष्ट आहे. वेसावे, यारी रोड, सात बंगला या भागांतील प्रत्येक दवाखान्यात तापाच्या रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब व शुद्ध यांची नोंद सक्तीची करावी. रुग्णाला कूपर रुग्णालयात धाडताना चिठ्ठीवर हे आकडे आणि घड्याळातील वेळ लिहावी. १०८ ची गाडी येण्यास विलंब होत असेल, तर पहिली मात्रा तेथेच द्यावी. आणि अशी चिठ्ठी हाती असलेल्याला केसपेपरच्या रांगेत तिष्ठत ठेवू नये. खाजगी डॉक्टरांनीही हा शिरस्ता पाळावा.

यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही; एक घड्याळ, दाब मोजण्याचे एक यंत्र आणि कर्तव्याची चाड पुरेशी आहे. रोज पहाटे समुद्राशी झुंजणाऱ्या कोळ्याला बोटातल्या काट्याने मरण यावे, हे दैव नव्हे. ती आपली हयगय आहे, आणि हयगयीवर इलाज असतो.