उजळणी भाषेचीही हवी

पाढ्यांची उजळणी अनेक घरांत नेमाने होते, भाषेची मात्र होत नाही. मातृभाषा आपोआप येते, हा समज त्यामागे असतो. बोलणे आपोआप येते, हे खरेच. पण वाचन-लेखन शिकावे लागते आणि शिकलेले टिकवावेही लागते.

या उपेक्षेचे परिणाम गंभीर आहेत. २०२२ च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील आठवीच्या ६९.६ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. म्हणजे दहांपैकी तीन मुले माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर येऊनही वाचनात अडखळत होती. अशा मुलाचे गणितही अडते, कारण शाब्दिक उदाहरण आधी वाचावे लागते.

२०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत अनुत्तीर्ण करणे थांबवले. २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. परंतु अनुत्तीर्ण करणे म्हणजे शिकवणे नव्हे. तिसरीत अडलेले जोडाक्षर परीक्षेने सुटत नाही. कोणीतरी मुलाजवळ बसून ते सोडवावे लागते. सहावी-सातवीचे वर्ष हे त्यासाठी योग्य वर्ष होय.

पनवेलसारख्या गावी या कामाचे महत्त्व अधिकच आहे. २०१६ मध्ये येथे महानगरपालिका झाली, वसाहती वाढल्या. येथील मराठी शाळेच्या बाकावर आगरी-कोळी घरांतील, कातकरी वाड्यांवरील, घाटावरून आलेल्या आणि परप्रांतीय कुटुंबांतील मुले शेजारी बसू शकतात. आगरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘पानी’ लिहिणारा मुलगा आळशी नसतो. तो घरी ऐकलेले लिहितो. त्याला हसणे हा त्याच्या आईच्या भाषेचा अपमान आहे, आणि त्याला ‘पाणी’ न शिकवणे हा त्याच्यावर अन्याय. बोली जपावी आणि प्रमाण लेखनही द्यावे, यांत विरोध नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ पासून राज्यात मान्य आहेत. मात्र ते घोकून भाषा येत नाही. ‘मूल-मुलाला’, ‘फूल-फुलाला’, ‘गरीब-गरिबाला’ या जोड्या फळ्यावर लिहाव्यात आणि दीर्घ केव्हा ऱ्हस्व झाले, हे मुलांनाच शोधू द्यावे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अंतर एका वेलांटीचे. अर्थ मात्र दिवस आणि दुबळा. ‘गुरुजींनी’मधील अनुस्वार तर आदर व्यक्त करतो. हे उमगले की शुद्धलेखन जाच वाटत नाही. रोज दहा मिनिटे श्रुतलेखन, स्वतःच्या चुका स्वतः शोधणे आणि एका परिच्छेदाचे प्रकट वाचन, एवढ्यास ना खर्च लागतो, ना यंत्र.

पनवेल तालुक्यातील शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. सशस्त्र उठावासाठी ते सर्वपरिचित आहेत. परंतु पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपास आलेल्या पुण्यातील शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते, याचे स्मरण कमी ठेवले जाते. पारतंत्र्याशी झुंजणाऱ्या त्या पुरुषाला शाळेचे कामही राष्ट्रकार्यच वाटले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्याचा आनंद उचितच. पण ज्या भाषेचा गौरव करायचा, ती सातवीतल्या मुलाला अस्खलित वाचता येत नसेल, तर तो गौरव समारंभापुरता उरतो. शिक्षकांनी वर्गात दहा मिनिटे काढावीत. घरी आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी सायंकाळी नातवंडा-मुलांकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. शेजारच्या वस्तीतील एखादे मूलही त्या वेळी सोबत बसवावे. अभिजात मराठीची खरी सेवा तेथूनच सुरू होईल.